तुमचं व्हर्जन जुनं झालं आहे

मीटिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की आधी निळी पट्टी फिरायची आणि मग पांढरी चौकट यायची. चौकटीत इंग्रजीत लिहिलेलं असायचं, त्याचा अर्थ एवढाच, की तुमचं व्हर्जन जुनं झालं आहे, मीटिंगमध्ये येण्यासाठी ते अपडेट करा. खाली एकच बटण. ते दाबलं की चौकट जायची आणि चौकटीबरोबर सॉफ्टवेअरही जायचं. अपडेट काही व्हायचं नाही. मी पुन्हा उघडायचे, पुन्हा पट्टी, पुन्हा चौकट.

ती चौकट मला पहिल्यांदा दिसली तो सोमवार होता आणि गुरुवारी सकाळी माझा इंटरव्ह्यू होता.

बोईसरच्या एका कारखान्याला कॉम्प्युटर विभागात ट्रेनी हवे होते. कॉलेजमधून आम्हा काही जणांची नावं गेली होती. मी पालघरला तिसऱ्या वर्षाला होते. आमचा पाडा मासवणच्या आतल्या बाजूला, डोंगराला लागून आहे आणि कॉलेजपर्यंत गेलेली घरातली मी पहिली. माझ्या बरोबरीच्या मुली बारावी झाली की तारापूरच्या एमआयडीसीत पॅकिंगला जातात. ते काम वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझी चुलत बहीण करते, तिच्यावर तिचं घर चालतं. पण मला कॉम्प्युटरचं काम करायचं होतं आणि घरून जाऊन-येऊन करायचं होतं. असं काम आमच्या भागात फार वेळा निघत नाही. ही जागा गेली तर मीही पॅकिंगलाच जाणार, हे घरात कुणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

इंटरव्ह्यू ऑनलाइन होता. मेलमध्ये लिहिलं होतं, की उमेदवाराने स्वतः तयार केलेला एक प्रोग्राम स्क्रीन शेअर करून दाखवायचा. माझा प्रोग्राम तयार होता. बाबा एमआयडीसीत कंत्राटावर हेल्पर आहेत. त्यांच्या टोळीचा शिफ्टचा तक्ता सुपरवायझर फोटो काढून पाठवतो. फोटो हललेला असतो, वर माणसं आपसात शिफ्ट बदलतात. त्यामुळे बाबा दोनदा दुसऱ्याच शिफ्टला जाऊन परत आले होते. मी असा प्रोग्राम केला होता, की नावावर क्लिक केलं की आज कुणाची पहिली, कुणाची दुसरी, कुणाची रात्रीची, ते मोठ्या अक्षरांत आणि रंगात दिसावं. बदली टाकली की दोघांचीही शिफ्ट आपोआप बदलावी. साधाच होता. पण माझा होता आणि चालत होता.

न चालणारी गोष्ट होती ती मीटिंग.

लॅपटॉपबद्दल थोडं सांगायला हवं. तो बोईसरच्या जुन्या मालाच्या दुकानातून घेतला होता. कुठल्यातरी ऑफिसने काढून टाकलेला, एका कोपऱ्याला चेपलेला. त्याच्यावर नेहमीचं विंडोज चालायला पाच-पाच मिनिटं घ्यायचं, म्हणून आमच्या कॉलेजच्या सरांनी त्यावर लिनक्स टाकून दिलं. फुकट आहे, मोकळं आहे, कुणीही उघडून आतलं पाहू शकतं, असं त्यांनी सांगितलं होतं आणि मला ते मनापासून आवडलं होतं. अजूनही आवडतं. लिनक्सचं स्वतःचं एक भांडार असतं. त्या भांडारातलं सॉफ्टवेअर एका बटणावर येतं, एका बटणावर अपडेट होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती बाहेरच्या सॉफ्टवेअरची. जे भांडारात नाही, दुसऱ्याच कुठल्या कंपनीने बनवलं आहे, ते आपण आपलं जाऊन आणायचं, आपण बसवायचं, आणि ते जुनं झालं की आपणच निस्तरायचं. भांडार म्हणतं, ते माझं नाही. कंपनी म्हणते, तुमची सिस्टिम आमच्या यादीत नाही. दोघंही खोटं बोलत नाहीत. मधे आपण.

त्या सोमवारी संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन वळणावर गेले. आमच्या पाड्यात नेटवर्क धड येत नाही. रस्ता जिथे वर चढून वळतो तिथे करंजाच्या झाडाखाली येतं, म्हणून ज्याला फोनवर महत्त्वाचं बोलायचं असेल तो तिथे जातो. मी दगडावर बसून फोनचं हॉटस्पॉट चालू केलं आणि मीटिंगच्या सॉफ्टवेअरची नवी फाइल उतरवायला लावली. बाजूला एक काका शेळ्या घेऊन थांबले होते. ते काही वेळ पट्टीकडे पाहत राहिले.

"पिक्चर हाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही काका, सॉफ्टवेअर आहे. नोकरीचं."

"मंग ते सरकत का नाय?"

मी म्हटलं, सरकतंय, हळू सरकतंय. ते म्हणाले, आमच्या शेळ्या जास्त चालतात, आणि गेले.

अंधार पडायच्या आत फाइल उतरली. मी ती दोनदा क्लिक केली. बसवू का, असं विचारलं, मी हो म्हटलं, पासवर्ड मागितला, मी दिला. मग लाल अक्षरात आलं, की या सॉफ्टवेअरला एक दुसरी गोष्ट लागते आणि ती तुमच्याकडे आहे तिच्यापेक्षा नवी लागते. ती दुसरी गोष्ट म्हणजे सगळ्या सिस्टिमचा पायाच. म्हणजे मीटिंग नवी करायची तर पाया नवा करायला हवा. खिडकीला रंग द्यायला गेलं आणि कुणी सांगितलं की आधी घर पाडा, तसं मला झालं.

ठीक आहे, पाया नवा करू, असं ठरवून मी अपडेटची कमांड टाकली. तर तिथे वेगळंच निघालं. मागच्या वर्षी प्रोजेक्टसाठी मी बाहेरचंच एक सॉफ्टवेअर बसवलं होतं. ते बसवताना त्या लोकांची एक किल्ली सिस्टिमला द्यावी लागते. आलेली फाइल खरंच त्यांचीच आहे, हे त्या किल्लीवरून ओळखतात. त्या किल्लीची मुदत संपली होती. ज्या सॉफ्टवेअरला मी सहा महिने हात लावला नव्हता, त्याच्या मेलेल्या किल्लीमुळे माझं सगळं अपडेट अडून बसलं होतं.

मंगळवारी मी कॉलेजच्या लायब्ररीत बसून किल्लीचा इलाज शोधला. एका पानावर कमांड होती. ती टाकली तर उत्तर आलं, ही पद्धत आता बंद झाली आहे. दुसऱ्या पानावर नवी पद्धत होती, पण ती माझ्या व्हर्जनच्या पुढच्या व्हर्जनसाठी होती. तिसऱ्या पानावर कुणीतरी अगदी माझाच प्रश्न विचारला होता, शब्दाला शब्द. मी इतकी खूश झाले. खाली त्याच माणसाने स्वतःच लिहिलं होतं, "जमलं, धन्यवाद." कसं जमलं ते लिहिलं नव्हतं. मी त्या माणसाचा खूप वेळ विचार केला. त्याला कधी भेटले असते तर काय बोलले असते कोण जाणे. बहुतेक काहीच बोलले नसते, मला तसं जमत नाही.

मग मी स्वतः प्रश्न विचारायचं ठरवलं. एक मोठा गट आहे ऑनलाइन, जगभरातले लोक उत्तरं देतात. माझं इंग्रजी लिहिताना अडतं. चार ओळी लिहायला मला सगळी मधली सुट्टी लागली. काळ कुठला वापरावा ते दोनदा बदललं, शेवटी प्लीज आणि थँक यू लिहिलं. उत्तर लगेच आलं. एकाने लिहिलं होतं, इतकं जुनं व्हर्जन वापरताच कशाला, नव्यावर या. दुसऱ्याने एक दुवा दिला होता आणि लिहिलं होतं, आधी हे वाचा. दुवा उघडला तर ते तेच पान, ज्यावरची पद्धत बंद झाली होती.

नव्यावर या. हे सगळेच सांगतात आणि ते बरोबरच असणार. पण नव्यावर यायला जेवढं उतरवावं लागतं तेवढा माझा दिवसाचा डेटा नसतो, आणि करंजाखाली ते आठवडाभर उतरत राहिलं असतं. कॉलेजच्या वायफायवर मोठ्या फाइली बंद केलेल्या आहेत. लॅबमध्ये दुसऱ्या वर्गाची परीक्षा चालू होती, आणि तिथल्या मशीनना कॅमेरे नाहीत. ब्राउझरमधूनही मीटिंगला जाता येतं असं वर्गातली एक मैत्रीण म्हणाली, म्हणून तेही केलं. मीटिंग उघडली, पण स्क्रीन शेअरचं बटण फिकट, दाबलं तरी दबायचं नाही. का, तर ब्राउझरही जुना. ब्राउझर नवा करायचा, तर किल्ली.

शेवटी मी धीर करून कंपनीला मेल लिहिला. माझं घर बोईसरपासून लांब नाही, मी प्रत्यक्ष येऊन दाखवलं तर चालेल का, असं विचारलं. उत्तर आलं, की प्रक्रिया ऑनलाइन आहे, कृपया सॉफ्टवेअरचं ताजं व्हर्जन असल्याची खात्री करावी.

ही मैत्रीण घिवलीची, समुद्रकाठची. तिच्या घरी होडी आहे. ती माझ्या उलट, कुणालाही काहीही बोलू शकते. तिने तो मेल वाचला आणि म्हणाली, "यांना एक किलो बोंबील पाठव. ताजं काय असतं ते कळंल."

मला हसू आलं नाही.

"रडतेस काय गो? पेनड्राइव्ह हाय ना," ती म्हणाली.

आमच्या वर्गात पेनड्राइव्हची एक पद्धत आहे, ती बाहेरच्यांना कदाचित विचित्र वाटेल. आमच्यापैकी बहुतेकांकडे घरी वायफाय नाही. त्यामुळे ज्याला कुठे चांगलं नेट मिळेल त्याने जे उतरवता येईल ते उतरवायचं, पेनड्राइव्हवर ठेवायचं आणि तो पेनड्राइव्ह वर्गात फिरत राहतो. शेजारून विरजण आणावं तसं. कुणाचं दूध कसलं, कुणी कधी लावलं, कुणी विचारत नाही. माझ्या लॅपटॉपवरचं निम्मं सॉफ्टवेअर असंच आलेलं आहे आणि तोवर कधी त्रास झाला नव्हता.

या पेनड्राइव्हवर तिच्या भावाने त्याच्या मशीनवरच्या सगळ्या नव्या फाइली घालून ठेवल्या होत्या. तो लॅपटॉप घेऊन वापीला कामाला गेला होता, नाहीतर आम्ही त्याचाच वापरला असता. तिने यादी चाळली. "बघ, मीटिंगचा नवा हाय. तुला तो पाया का काय पाहिजे, तो पण हाय. घाल सगळं."

"तुझ्या भावाचं व्हर्जन माझ्याच व्हर्जनचं आहे ना?"

"लिनक्सच हाय ना दोन्ही?"

"लिनक्सच आहे, पण…"

"मंग पण काय? तू प्रत्येक गोष्टीला पण लावतेस, बाय."

हे खरं आहे, मी लावते. म्हणून त्या दिवशी लावलं नाही.

बुधवारी दुपारी कॉलेजच्या जिन्याखाली बसून मी पेनड्राइव्हवरच्या फाइली बसवल्या. सिस्टिमने नको म्हटलं. मी जबरदस्तीची कमांड दिली. ती कुठल्याशा पानावर होती, खाली लिहिलं होतं, माहीत असेल तरच वापरा. मला माहीत नव्हतं, पण मला गुरुवार माहीत होता. फाइली बसल्या. मीटिंगचं सॉफ्टवेअर उघडलं, निळी पट्टी फिरली, चौकट आली नाही. मैत्रिणीने माझ्या पाठीत धपाटा घातला. मग पट्टी फिरतच राहिली आणि सगळं बंद पडलं. पुन्हा उघडेचना.

सिस्टिम म्हणाली, मोडलेलं दुरुस्त करायचं असेल तर ही कमांड द्या. मी दिली. तिने पडदा भरून नावं दाखवली, काही बसवणार, काही काढून टाकणार. नावं सगळी छोट्या अक्षरांत, एकाला एक चिकटलेली, अर्धी मी आयुष्यात कधी न पाहिलेली. खाली विचारलं, पुढे जाऊ का, वाय की एन, म्हणजे हो की नाही.

मी वाचायला घेतलं. खरंच घेतलं. पण तिसऱ्या ओळीनंतर डोळ्यांपुढे नुसती अक्षरं राहिली. दुरुस्तीच करतंय तर काय वाईट करील, असं वाटलं आणि मी वाय दाबलं.

काढून टाकायच्या यादीत वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर होतं.

लॅपटॉप पुन्हा सुरू झाला. माझे फोटो होते, माझा प्रोग्राम होता, तो चालतही होता. फक्त वर कोपऱ्यात वायफायचं चिन्ह असतं तिथे काही नव्हतं. जे गेलं ते परत आणायला नेट लागतं, आणि नेट आणायला जे गेलं तेच लागतं. केबलने फोन जोडला, तेही ओळखेना. मैत्रीण पेनड्राइव्ह काढून हातात फिरवत बसली. 

"माझ्यामुळं झालं," ती म्हणाली.

"वाय मी दाबलं."

"भावाला फोन लावते."

तिने लावला. भाऊ पलीकडून म्हणाला, त्याच्याकडे नवं व्हर्जन आहे, माझ्या जुन्यावर ते चालणारच नाही, हे कुणी घालायला सांगितलं. मैत्रिणीने फोन ठेवला आणि मला सांगितलं, "त्याला पण काय कळत नाय."

घरी आले तेव्हा आई ओटीवर नाचणी पाखडत होती. बाबांना रात्रीच्या शिफ्टला जायचं होतं, पण बदली करून घरी थांबले होते. माझ्या उद्याच्या कामासाठीच. मला गाडीवर कुठे सोडायला लागलं तर म्हणून. ते पाहून मला जास्तच वाईट वाटलं. मी सांगितलं, की लॅपटॉपचं नेट गेलं. उद्या फोनवरून मीटिंगमध्ये बसता येईल, पण प्रोग्राम दाखवता येणार नाही, आणि दाखवायचा तोच आहे.

"परवापर्यंत तर चांगला चालत होता," आई म्हणाली.

"अजून चालतोय. फक्त नेट नाही."

"मंग तू काय केलंस त्याला?"

"अपडेट."

"म्हंजे?"

"नवीन केला."

आई सुपातली नाचणी बघत राहिली. म्हणाली, "नवीन केला आनि चालंना," आणि पुन्हा सूप हलवायला लागली. तिला चिडवायचं नव्हतं. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. मला समजावून सांगता आलं नाही, कारण मलाही ते तेवढंच समजलं होतं.

 सकाळी गाडी काढताना बाबा म्हणाले, "लॅपटाप घे."

"नेट नाही त्याला. घेऊन काय करू?"

"घे तर. फोनला रेंज पायजे ना तुला? बोईसरला चल. आमी कामाला लागलो तवा कोन कागद बघत होतं? गेटवर जाऊन उभं राहाचं. मानूस दिसला तर घेतात."

"बाबा, ते कंत्राटाचं. इथे तसं जात नाहीत. त्यांनी मेलमध्ये नाही लिहिलंय."

"मी कुठं आत जा म्हनतो. रेंज गेटवर पन हाय."

 खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. शिफ्टच्या वेळी गेटवर जी माणसं उभी असतात, मुकादम कुणाला बोलावतो ते बघत, त्यांच्यात मी कॉलेजची बॅग घेऊन. पण वळणावर आदल्या दिवसापासून रेंज एका काडीवर आली होती. मी लॅपटॉप घेतला. पूल ओलांडून नागझरीकडून आम्ही बोईसरला आलो. एमआयडीसीचा केमिकलचा वास आला, की बाबा नेहमी गमतीने म्हणतात, आलं आपलं गाव. त्या दिवशी त्यांनी गाडी सरळ त्या कारखान्याच्या गेटवर नेली.

गेटजवळ वॉचमनच्या केबिनला लागून एक बाकडं होतं. बाबांनी वॉचमनला सांगितलं, की मुलीची मीटिंग आहे. वॉचमन उत्तरेकडचा होता, म्हणाला, "किससे मिलना है?"

"किसी से नहीं," मी म्हटलं. "मोबाइल पे है."

"मोबाइल पे है तो इधर काहे को?"

बाबा म्हणाले, "रेंज के लिये." त्याने एकदा टॉवरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बसू दिलं.

मीटिंग सुरू झाली. फोनवर दोन चेहरे होते, एक मॅडम आणि कॉम्प्युटर विभागाचे सर. माझं नाव, कॉलेज, विषय, एवढं झालं. मागून टँकर जात होता, मला प्रश्न पुन्हा विचारायला सांगावं लागलं. मग मॅडम म्हणाल्या, स्क्रीन शेअर करा.

"मॅडम, मी फोनवरून आहे."

"मेलमध्ये कॉम्प्युटर लिहिलं होतं."

"कॉम्प्युटर आहे. मांडीवर आहे. त्याला नेट नाही. व्हर्जन नवीन करताना गेलं."

सर पुढे वाकले. "प्रोग्राम चालतोय?"

"चालतोय, सर."

"मग कॅमेरा त्याच्यावर धरा."

मी धरला. उन्हात पडद्यावर माझाच चेहरा दिसत होता, बाकी काही नाही. मी ओढणीचा आडोसा केला, बाबांनी पिशवी धरली, तरी नाही.

"काही दिसत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही बाहेर आहात का? कुठे आहात?"

मला सांगायचं नव्हतं. बाबा पिशवी धरून तसेच उभे होते.

"गेटवर, मॅडम."

"कुठल्या गेटवर?"

"तुमच्या."

फोनमधले दोन्ही चेहरे तसेच थिजले. मला वाटलं रेंज गेली. मग मॅडम सरांना म्हणाल्या, बट द प्रोसेस इज ऑनलाइन. सर म्हणाले, "हो, पण ती खाली बसली आहे." आणि त्यांचा चौकोन रिकामा झाला. नुसती खुर्ची दिसत होती, ती फिरत होती.

ते चालत आले तेव्हा वॉचमन उठून उभा राहिला. सर मला आत नेऊ लागले, तर वॉचमन म्हणाला, लॅपटॉप अंदर नहीं जाएगा साब, एंट्री पे साइन लगता है, और साइन वाले साब छुट्टी पे हैं. सरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग बाकड्याकडे पाहिलं आणि बाकड्यावर बसले. मॅडम माझ्या फोनमध्ये होत्या. मी फोन केबिनच्या खिडकीला टेकवून ठेवला. त्यांना काय दिसलं असेल माहीत नाही, बहुधा सरांची पाठ.

तोवर बाकड्यावर केबिनची सावली आली होती, तिथे पडदा नीट दिसत होता. मी बाबांच्या टोळीचा तक्ता उघडला. कुठे काय टाकायचं ते दाखवलं. सरांनी बदली टाकून पाहिली. एकाच माणसाला लागोपाठ दोन शिफ्ट दिल्या, तर लाल रंग आला. त्यांनी विचारलं, लाल का. मी सांगितलं, सलग दोन शिफ्ट झाल्या तर माणूस दुसऱ्या दिवशी कामात चुकतो, म्हणून आधीच दाखवायचं. ते मला बाबांकडून माहीत होतं. बाबा दुसरीकडे बघत होते. वॉचमन मागून वाकून बघत होता. म्हणाला, "इसमें सिक्योरिटी वालों का नहीं है?"

"डाल सकते हैं," मी म्हटलं.

सरांनी आणखी काही विचारलं. काही मला आलं, एक अजिबात आलं नाही आणि मी तसं सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "आणि याचं नेट कसं घालवलंस?"

मी किल्लीपासून सांगितलं. करंज, लायब्ररी, पेनड्राइव्ह, जबरदस्तीची कमांड. मला थांबताच येईना. तीन दिवसांत ते मी कुणालाच पूर्ण सांगितलं नव्हतं, कुणाला कळलंच नसतं.

"आणि वाय दाबलंस."

"दाबलं."

"यादी वाचली होती?"

"वाचायला घेतली होती, सर."

ते हसले नाहीत. म्हणाले, "आमच्या कंट्रोल रूममध्ये एक जुनं मशीन आहे. ते अपडेट झालं तर पूर्ण प्लांट बसेल. कुणी चुकून वाय दाबू नये म्हणून मी त्याचा कीबोर्डच कपाटात ठेवलाय." मग उठून पँट झटकली आणि म्हणाले, निकाल मेलने कळेल.

 परत जाताना पुलावर गाडी हळू करून बाबा म्हणाले, "साहेब बाकड्यावर बसला." मी हो म्हटलं.

मेल पुढच्या आठवड्यात आला. मी वळणावर उभी होते, बाबा गाडी बाजूला लावून थांबले होते. पहिल्या ओळीत माझं नाव होतं आणि निवड झाल्याचं लिहिलं होतं. मी ती ओळ मोठ्याने वाचली, मग मराठीत सांगितली. बाबांनी टोपी काढून पुन्हा घातली. 

खाली आणखी एक परिच्छेद होता. नव्या ट्रेनींची पहिली ओळखबैठक ऑनलाइन होईल. उमेदवारांनी आपल्या कॉम्प्युटरवर मीटिंगचं ताजं व्हर्जन बसवून ठेवावं.

"अजून कायतरी लिवलंय ना?" बाबांनी विचारलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण मी खाली बघते आहे हे त्यांना दिसलं होतं.

"हो," मी म्हटलं. "ते माझं मी बघते."